बोईसरचा फिटर गेला कुठे?

ऐकलंत का? बोईसरमध्ये म्हणे आता फिटर उरलेला नाही. वेल्डर नाही, रिअ‍ॅक्टरवर उभा राहणारा ऑपरेटर नाही, हेल्पर तर औषधालाही सापडत नाही, आणि तेही औषधांचे एवढे कारखाने असलेल्या गावात! तारापूर एमआयडीसी जागच्या जागी आहे, नाइट शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर गर्दी करणारी माणसंही तीच आहेत. पण त्यांचा कागद मागून बघा. कागदावर जो तो 'रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल' झालाय. पंप उघडून सील बदलणारा 'रोटेटिंग इक्विपमेंट स्पेशालिस्ट', गोदामात ड्रम मोजणारा 'सप्लाय चेन एक्झिक्युटिव्ह', आणि गेटवर रजिस्टर घेऊन बसणारे आमच्या गल्लीतले काका 'अ‍ॅक्सेस कंट्रोल अँड व्हिजिटर मॅनेजमेंट'. काकूंनी हे ऐकलं तेव्हा एवढंच विचारलं म्हणे, "मग पगार किती वाढला?" काकांनी पेपर तोंडासमोर धरला तो रात्रीपर्यंत खाली घेतला नाही.

हे सगळं कारस्थान कोणाचं, तर रेझ्युमे लिहून देणाऱ्यांचं. पूर्वी हा धंदा झेरॉक्सवाल्याचा होता. स्टेशनबाहेर सायबर कॅफे असायचा, तिथल्या पोऱ्याकडे एकच फाइल असायची. आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडून तुमचं टाकायचं, 'हॉबीज'मध्ये वाचन, क्रिकेट आणि गाणी ऐकणे, खाली 'वरील माहिती खरी आहे' असं इंग्रजीत, स्थळ बोईसर, तारीख मोकळी. पन्नास रुपयांत काम झालं. एकदा म्हणे एकाच इंटरव्ह्यूला आलेल्या चौघांच्या वडिलांचं नाव एकच निघालं, कारण पोऱ्या तेवढी एक ओळ बदलायला विसरला होता. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट चांगली आहे.

आता तसं नाही. आता पालघरच्या माहीम रोडपासून बोईसरच्या नवापूर रोडपर्यंत, वरच्या मजल्यावरच्या गाळ्यांमधून आणि अर्ध्याअधिक घरांतल्या बेडरूममधून, रेझ्युमेची 'सर्व्हिस' चालते. तिच्यात खाती आहेत बरं का! एक लिहिणारा, एक कीवर्ड तपासणारा, एक लिंक्डइन चकचकीत करणारा. आणि ह्या सगळ्यांच्या पुढे, कानाला हेडफोन लावून, शिव्या खायला एक मुलगी. तिच्या खात्याचं नाव क्लायंट रिलेशन.

उमरोळीच्या एका वहिनींची सून हे काम करते. सून बीएस्सी केमिस्ट्री, पालघरच्या दांडेकर कॉलेजची, लग्नाआधी एका औषध कंपनीत क्यूसीला होती. बाळ झाल्यावर शिफ्ट जमेना, म्हणून हे. वहिनी सुरुवातीला लोकांना सरळ 'बँकेत आहे' म्हणून सांगत. कारण 'क्लायंट रिलेशन' म्हटलं की समोरच्या बाईच्या भुवया केसांपर्यंत जायच्या. दिवसभर परक्या पुरुषांशी फोनवर बोलते, त्यांना 'तुमची ताकद काय, कमजोरी काय' विचारते आणि वर त्याचे पैसे घेते! बाई बाई बाई. विरार-डहाणू लोकल 16 एप्रिल 2013 ला सुरू झाली, तेव्हापासून ह्या पट्ट्यातल्या निम्म्या बातम्या लेडीज डब्यात फुटतात. ही बातमी सफाळ्याला फुटली आणि वैतरणा येईपर्यंत सगळ्या डब्याला तिचा पगार ठाऊक झाला होता.

तर ती नेमकं करते काय? सकाळी उठून 'लीड' बघते. लीड म्हणजे ज्याने रात्री दोन वाजता, सेकंड शिफ्टवरून घरी येऊन, साहेबावरच्या रागात फॉर्म भरला तो माणूस. सकाळी राग उतरलेला असतो, तेव्हाच हिचा फोन जातो. फ्रेशरचं पॅकेज वेगळं, पाच वर्षांवरच्याचं वेगळं, मॅनेजरचं वेगळं. कव्हर लेटर हवं असेल तर वर थोडे. पैसे आले की प्रश्नांचा फॉर्म, मग ड्राफ्ट, मग दोन करेक्शन फुकट. हे 'दोन' कागदावर. आपल्याकडे दोन करेक्शनमध्ये कोणाचं भागलंय? पहिलं करेक्शन स्वतःचं, दुसरं बायकोचं, तिसरं पुण्याला आयटीत असलेल्या मेहुण्याचं. मेहुणा म्हणतो फोटो हवाच. मग पालघरच्या स्टुडिओत जाऊन मानेखाली कोट-टाय चिकटवलेला फोटो येतो, ज्यात चेहरा उन्हाने रापलेला आणि कोट दुसऱ्याच कोणाच्या खांद्यांचा. ही सांगते, "दादा, फोटोची गरज नसते." दादा म्हणतात, "मॅडम, दोनशे रुपये दिलेत त्याचे."

आणि मग पंधरा दिवसांनी येतो तो फोन, ज्याची ह्या धंद्यात सगळ्यांना धास्ती.

"मॅडम, पंधरा दिवस झाले, एका कंपनीचा फोन नाही."

"काका, किती ठिकाणी पाठवलात?"

"म्हणजे? पाठवायचा पण आम्हीच?"

ह्या प्रश्नावर हसायची तिला परवानगी नाही. कॉल रेकॉर्ड होतो.

पण एक फोन मी तिच्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलाय, आणि तो ऐकल्यापासून माझी जीभ थोडी आवरली आहे. चौदा वर्षं एकाच प्लांटमध्ये काढलेला माणूस. फॉर्ममध्ये त्याने एवढंच लिहिलं होतं: ऑपरेटर, प्रॉडक्शन. बाकी काही नाही. हिने विचारलं, रिअ‍ॅक्टर कसला? तो म्हणाला, जीएलआर आहे, आतून काचेचं अस्तर असलेला, तीन हजार लिटरचा. थंड कशाने करता? जॅकेटला ब्राइन. मग तिच्यातली केमिस्ट्रीवाली जागी झाली. "डोसिंग चालू असताना तापमान एकदम चढायला लागलं तर?" तो पलीकडून पाढे म्हटल्यासारखा बोलला, "डोसिंग बंद, ब्राइनचा व्हॉल्व्ह फुल, स्टरर बंद करायचा नाही, शिफ्ट इन्चार्जला हाक." "असं कधी झालंय?" "दोनदा." "तुम्ही होतात?" "मीच होतो." "मग हे लिहिलं का नाहीत?" पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "हे लिहायचं असतं होय?"

आता सांगा. तारापूरमध्ये रिअ‍ॅक्टर भडकला की काय होतं हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. सायरन आणि अँब्युलन्सचे आवाज आपण घरबसल्या ओळखतो. तो प्रकार दोनदा टाळलेला माणूस कागदावर 'हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल' म्हणून फिरत होता. त्याच्या रेझ्युमेत शेवटी हेच दोन वाक्यांत साध्या इंग्रजीत गेलं आणि 'डायनॅमिक' हा शब्द बाहेर पडला. लिहिणाऱ्याने तो परत घातला होता म्हणे, हिने भांडून काढला. ह्या सगळ्या दुकानात पैसे देण्याजोगं जे आहे, ते मला विचाराल तर हिच्या प्रश्नांत आहे. बाकी सगळं चिकूच्या पेटीतल्या वरच्या थरासारखं. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं तरी खालच्या थरातलं फळ हाताने दाबूनच बघावं लागतं.

पण लोकांना प्रश्न नको असतात हो! लोकांना हवा असतो स्कोअर. एटीएस स्कोअर! हा नवा ताप आहे. पूर्वी दहावीचे टक्के विचारायचे, आता शेजारीण जिन्यात गाठून सांगते, "आमच्या बंटीचा ब्याण्णव आला, तुमच्याचा?" कसला ब्याण्णव, कोणी दिला, कशाचा, विचारायची सोय नाही. मुळात एटीएस म्हणजे मोठ्या कंपन्यांनी आलेले अर्ज साठवायला, चाळायला आणि शोधायला घेतलेलं सॉफ्टवेअर. इंटरनेटवर फुकट स्कोअर देणारं मशीन वेगळं, कंपनीतलं वेगळं. ह्याचा ब्याण्णव त्याला कळतसुद्धा नाही. खरी गोष्ट एवढीच की दोन रकाने, चौकटी, तक्ते आणि चित्रं असलेला कागद काही सॉफ्टवेअरना नीट वाचता येत नाही, म्हणून साधा ठेवावा. हे वाक्य फुकट आहे, घ्या. आणि तारापूरच्या लहान युनिटमध्ये तर एटीएस म्हणजे एचआरच्या टेबलावरची पिवळी फाइल, नाहीतर त्याचा व्हॉट्सअ‍ॅप. त्या युनिटच्या गेटवर आजही पाटी लागते, 'ऑपरेटर पाहिजेत', आणि आत जायला कीवर्ड लागत नाही, आत काम करणारा मावसभाऊ लागतो.

माणूस वाचतो तो तरी किती वेळ? अमेरिकेतल्या 'लॅडर्स' नावाच्या नोकऱ्यांच्या कंपनीने भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या होत्या. 2012 मध्ये एका रेझ्युमेवर पहिली नजर सहा सेकंद टिकली, 2018 मध्ये 7.4 सेकंद. सहा वर्षांत दीड सेकंदाचीही प्रगती नाही. आणि एवढ्याशा नजरेसाठी आमच्या बंटीच्या आईने सोन्याची भिशी मोडली.

तापाला खतपाणी घालायला वाढवणचं बंदर आलंच. केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 ला मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, खर्च 76,220 कोटी, आणि रोजगाराचा सरकारी आकडा 12 लाखांच्या घरात. झालं! दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्यातल्या निम्म्या रेझ्युमेंत 'पोर्ट' घुसलं. कपड्यांच्या गोदामातला पोरगाही 'लॉजिस्टिक्स अँड पोर्ट ऑपरेशन्स'. किनाऱ्यावरच्या गावांत तर कुजबुज अशी की बाप मोर्चात 'वाढवण बंदर रद्द' म्हणून घसा फोडतो आणि पोरगा मागच्या खोलीत कव्हर लेटर लिहून घेतो. मला ह्यात हसावं की नाही ते कळत नाही. बापाचं बरोबर आहे, समुद्र त्याचा आहे. पोरालाही पोट आहे. शिवाय बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय, म्हणजे तिकडचे कीवर्ड वेगळे.

ह्या भागात जुन्या लोकांना ही भानगड ठाऊक नव्हती. तारापूरचं अणुवीज केंद्र 28 ऑक्टोबर 1969 ला व्यावसायिक पातळीवर सुरू झालं, तेव्हापासून बोईसर-चिंचणी-पास्थळच्या पट्ट्यात नोकरी म्हणजे ह्या केंद्रातली, इथल्या भाषेत टॅप्सची. तिथे रेझ्युमे कोण मागतंय? जाहिरात निघते, अर्जाचा ठरलेला नमुना असतो, चौकटी भरायच्या, परीक्षा द्यायची. तुमची 'डायनॅमिक'गिरी लिहायला तिथे रकानाच नाही. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टीची घरंदारं उठली. त्या घरांत नोकरीसाठीचा सगळ्यात जड कागद कुठला, तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला. त्याचा स्कोअर कुठल्या मशीनमध्ये काढायचा ते सांगा.

आणि लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. तिथेही दोन कागद असतात. एकावर गणपती, कुलदैवत, रक्तगट आणि मामांचं गाव. दुसऱ्यावर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'. दोन्ही एकाच मोबाइलमध्ये, दोन्ही फाइलींचं नाव 'बायोडेटा फायनल'. व्हायचं तेच झालं. केळव्याच्या एका मुलाने लग्नाचा कागद कंपनीला मेल केला. एचआरच्या बाईंचा फोन आला, "उंची, रास, नाडी सगळं वाचलं. अपेक्षेत 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' लिहिलंय, ते आमच्याकडे नाही. पगाराची अपेक्षा कळवाल का?" मुलगा दोन दिवस जेवला नाही. नोकरी मिळाली का, ते मात्र ह्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

लपवालपवीचं मात्र दोन्ही कागदांत सारखंच. मुलगा 'मोठ्या स्टील कंपनीत आहे' असं सांगतात. आहेच, पण ठेकेदाराकडून. हाच आग्रह उमरोळीच्या सुनेकडे रोज होतो. "मॅडम, कंपनीचं नाव टाका, ठेकेदाराचं नको." एकदा टाकलं आणि पुढच्या नोकरीत व्हेरिफिकेशनला पकडलं तर? पीएफचा यूएएन काढला की कुठल्या मालकाकडे किती दिवस होतात ते सरळ दिसतं, आणि तिथे नाव ठेकेदाराचं असतं. म्हणून ती आता पाठ केल्यासारखं सांगते: मालक म्हणून ठेकेदाराचं नाव लिहा, खाली कुठल्या साइटवर कुठलं काम केलं ते लिहा, त्यात खोटं काही नाही आणि लाज वाटायचंही काही नाही. दहातले चार ऐकतात, चार रुसतात, दोन दुसऱ्या सर्व्हिसकडे जातात, जिथे हवं ते लिहून मिळतं.

मग 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि लोक म्हणाले, आता हिची नोकरी गेली. गेली नाही. उलट काम वाढलं. आता गिऱ्हाईक आधी फुकटात लिहून घेतं आणि मग निस्तरायला हिच्याकडे येतं. एकाच प्लांटमधले तिघं आले, तिघांच्या कागदावर 'स्पिअरहेडेड' आणि तिघांनी उत्पादन 30-30 टक्क्यांनी वाढवलेलं. म्हणजे त्या प्लांटने आतापर्यंत दुप्पट माल काढायला हवा होता. प्रत्यक्षात तो आठवड्यातले दोन दिवस वीज नाही म्हणून बंद. हिने तिघांनाही एकच विचारलं, आकडा कुठून आणलात? तिघंही म्हणाले, "त्यानेच टाकला."

इथवर सगळं हसण्यावारी. पण ह्या धंद्याच्या शेजारच्या गाळ्यात जे चालतं ते हसण्यासारखं नाही. आधी रेझ्युमेचे पैसे, मग व्हेरिफिकेशनचे, मग मेडिकलचे, मग गेटपासचे, आणि मग फोन बंद. 2018 मध्ये सायबराबाद पोलिसांनी हैदराबादच्या एका जॉब पोर्टलच्या प्रमुखाला अटक केली होती. नोकरीच्या आशेने आलेल्या एक लाखाहून जास्त लोकांकडून वेगवेगळ्या 'सेवां'चे पैसे उकळल्याचा आरोप होता. तिथेही फोनवर गोड बोलणारं कोणीतरी होतंच, आणि त्यांच्या खात्याचं नावही असंच काहीतरी असणार. म्हणून आमच्या उमरोळीच्या सुनेला प्रत्येक नवा माणूस तोच प्रश्न विचारतो, "मॅडम, जॉब लावून देणार ना?" आणि तिला प्रत्येकाला सांगावं लागतं, नाही, आम्ही फक्त कागद लिहितो. हे वाक्य म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं फोन ठेवतात. महिन्याचं टार्गेट मात्र पुऱ्या गिऱ्हाइकांचं असतं. मालक म्हणतो, इतकं स्पष्ट कशाला सांगायचं? ती म्हणते, मग दोन महिन्यांनी शिव्या तुम्ही खाल का? मालक खात नाही.

वहिनी आता 'बँकेत' म्हणत नाहीत. "लोकांची कामं लिहून देते" म्हणतात, आणि स्वतःच्या नणंदेच्या मुलासाठी डिस्काउंट मागतात. डिस्काउंट मिळाला नाही, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. पण तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

माझा निकाल तुम्ही विचारणारच, तर ऐका. पैसे द्यायचे असतील तर विचारणाऱ्या बाईला द्या, स्कोअर सांगणाऱ्या मशीनला नको. नोकरीची गॅरंटी देणाऱ्याला एक रुपया देऊ नका, मग त्याचं ऑफिस बोईसरच्या ओस्तवालमध्ये असो की दुबईत. कागद हातात आला की प्रत्येक ओळीवर इंटरव्ह्यूत दोन मिनिटं बोलून बघा. ज्या ओळीवर बोलता येत नाही ती, कितीही भारी वाटली तरी, खोडा. आणि पीडीएफबरोबर वर्डची फाइलही मागून घ्या, नाहीतर उद्या मोबाइल नंबर बदलला की त्या एका ओळीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतील.